पाहुणा की गिऱ्हाईक?

परीक्षा संपत आल्या की घरोघरी एक प्रश्न निघतो. सुट्टीत जायचे कुठे? आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. सुट्टी म्हणजे आजोळ. दुपारी पत्ते, संध्याकाळी विहीर, रात्री देवळापुढे नमन नाहीतर कीर्तन. आता बहुतेकांचे आजोळच शहरातल्या दुसऱ्या मजल्यावर राहायला आले आहे. त्यामुळे गाव हवे असेल तर ते विकत घ्यावे लागते. दोन दिवस, एक रात्र, माणशी अमुक रुपये, जेवणासह.

यात वाईटच आहे असे मी म्हणणार नाही. उलट या पैशाने काय होऊ शकते, ते मी पाहिले आहे.

१९८७-८८ च्या सुमारास मी बँकेच्या कोकणातल्या एका शाखेत होतो. वसुलीसाठी किनाऱ्यावरच्या गावांतून हिंडावे लागे. एका सकाळी असाच एका ओटीवर चहा पीत बसलो होतो. घरधन्याने कौतुकाने कोपऱ्यातली टोपली दाखवली. आत पांढरीशुभ्र, पिंगपाँगच्या चेंडूएवढी कासवाची अंडी. रात्री वाळूतला माग काढून उकरून आणलेली. थोडी घरात, बाकीची विकायला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हे चालत नाही, एवढे मला ठाऊक होते. तरी मी हप्त्याचे बोललो, अंड्यांचे बोललो नाही. हप्ता कदाचित त्याच टोपलीतून यायचा आहे, हा हिशेब माझ्या मनात नव्हता, असे आजही छातीवर हात ठेवून मला सांगता येणार नाही.

मंडणगड तालुक्यातले वेळास हे नाना फडणविसांचे गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिथे २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. ती अलगद काढून कुंपणातल्या वाळूत पुरायची, दीड-दोन महिने राखण करायची आणि पिल्ले वर आली की समुद्राकडे सोडायची, असे हे काम. पुढे त्याचाच कासव महोत्सव झाला. पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात, घरचेच जेवतात आणि त्याचे पैसे त्या घरात राहतात. ज्या अंड्याची किंमत एकेकाळी टोपलीत ठरत होती, ते वाळूत राहिले तर जास्त मोलाचे, हे गावाला पटले. पस्तीस वर्षे कर्जाचे अर्ज वाचलेल्या माणसाला याहून चांगला ग्रामोद्योग आठवत नाही.

२०२३ साली नातवाला घेऊन मी तिथे गेलो. पहाटे सगळे दोरीच्या अलीकडे उभे. टोपली उचलून पाहिली, तर त्या दिवशी पिल्ले निघाली तीन. "इतक्या लांबून येऊन तीनच?" असे मागून कोणीतरी म्हणाले. दुपारी जेवताना त्या गृहस्थांनी पुन्हा तोच विषय काढला. वाढणाऱ्या काकू हसून म्हणाल्या, "कासवं काय आमच्या हुकमानं येतात होय, भाऊ? जेवा सावकाश."

त्याच मुक्कामात एका रात्री मृदंगाचा आवाज आला म्हणून आम्ही वाडीत गेलो. शिमग्याला आलेल्या चाकरमान्यांनी नमन उभे केले होते. साडी नेसून गवळण झालेला मुलगा मुंबईत रिक्षा चालवतो, असे शेजारच्याने सांगितले. कोणी तिकीट मागितले नाही, कोणी आमच्यासाठी पुढची जागा रिकामी केली नाही. आम्ही गोणपाटावर मागे बसलो. खेळ आमच्यासाठी नव्हताच. तो देवासाठी आणि वाडीसाठी होता. माझ्या मते त्याची गोडी त्यातच होती.

आता दुसरे चित्र पाहा. मे महिन्याच्या अखेरीपासून पहिल्या मोठ्या पावसापर्यंत अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या परिसरात झाडेच्या झाडे काजव्यांनी लखलखतात. नर उडता उडता उजेड पाडतो, मादी खाली झुडपात, गवतात बसून त्याला उत्तर देते. त्या मिणमिणत्या संवादावर पुढच्या वर्षीचे काजवे अवलंबून असतात. आणि शनिवार-रविवारी तिथे मोटारींच्या रांगा लागतात. दिवे लागलेले, गाणी चाललेली, हातातल्या मोबाइलचा झोत थेट झाडावर. फोटोसाठी माणसे गवतात शिरतात आणि पायाखाली काय गेले ते त्यांना दिसतही नाही. वनखाते वेळेचे बंधन घालते, तेव्हा "पैसे भरले आहेत" हे उत्तर तयार असते.

तेही पैसे गावातच जातात, तिथल्याही घरांना त्यांची गरज आहे. मग फरक कुठे पडला? बँकेच्या भाषेत सांगायचे तर वेळासचे गाव व्याज खाते, इथे आपण सगळे मिळून मुद्दल खात आहोत. मुद्दल खाताना पहिली काही वर्षे फार चैन वाटते, हे मी कित्येक खात्यांवर पाहिले आहे.

म्हणून गावांनी आपली संख्या आपणच ठरवावी आणि ती भरली की हात जोडून 'नाही' म्हणायला शिकावे. सरकारनेही महोत्सवाचे यश गर्दीवरून मोजू नये. आणि आपण? शक्य असेल तर रविवार सोडून जावे. काजव्यांकडे जाताना दिवे विझवून, मोबाइल खिशात ठेवून, पायवाटेवरूनच चालावे. घरच्यांनी सांगितलेले नियम आपल्या मुलांना आपणच सांगावेत. गिऱ्हाईक दिलेल्या पैशाचा माल मागते. पाहुणा असेल ते गोड मानून घेतो आणि पुन्हा बोलावले जाईल असे वागतो.

परतीच्या वाटेवर नातवाने विचारले, "आजोबा, ती तीन पिल्लं मोठी होतील?" मी खरे ते सांगितले. हजारातले एखादेच मोठे होते म्हणतात. तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. मग म्हणाला, "मग टोपलीतली सगळीच सोडायला पाहिजेत."

१९८७ साली त्या ओटीवर मला हे एवढे वाक्य बोलता आले नव्हते.