स्पेनचे सेनापती-पंतप्रधान आणि रेल्वे-टपाल कामगार

कँटीनमध्ये, यार्डात, सॉर्टिंग हॉलमध्ये एक वाक्य अजूनही कानावर येते. "या देशात पाच वर्षे मिलिटरी आली पाहिजे, म्हणजे सगळे सरळ होतील." बोलणारा आपलाच माणूस असतो. लाचखोरीला, पुढाऱ्यांच्या पक्षबदलाला तो विटलेला असतो. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. पण ज्या देशाने हे औषध एकदा नव्हे, शंभर-सव्वाशे वर्षे पुन:पुन्हा घेतले, त्या स्पेनची हकीकत त्याने ऐकावी, असे आम्हाला वाटते.

१८४० नंतरची तीस वर्षे पाहा. एस्पार्तेरो, नार्वाएझ, ओ'डोनेल, सेर्रानो, प्रिम हे सारे सेनापती आणि सारेच सरकारचे प्रमुख झालेले. काही तर दोन-दोन, तीन-तीन वेळा. रीत ठरलेली होती. एखाद्या छावणीत सेनापतीने जाहीरनामा वाचायचा, इतर छावण्यांनी त्याला साथ द्यायची आणि घाबरलेल्या राणीने त्यालाच मंत्रिमंडळ बनवायला बोलवायचे. पण यातील मेख अशी की, हे सेनापती आकाशातून पडत नव्हते. प्रत्येकाच्या मागे एक नागरी पक्ष होता. निवडणुका सत्तेवरचे सरकारच 'घडवून' आणी. त्यामुळे मतपेटीतून आशा नाही असे दिसले, की विरोधी पक्षाचे वकील आणि जमीनदार छावणीचे दार ठोठावत.

एस्पार्तेरो हा बैलगाड्या बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा. कष्टकऱ्यांना तो आपला वाटे. १८४२ साली त्यानेच बार्सिलोना शहरावर तोफा डागल्या होत्या, तरीही वाटे! १८५४ साली तो पुन्हा पंतप्रधान झाला. पुढच्याच वर्षी, जूनमध्ये, त्याच्या सरकारने रेल्वेचा कायदा केला; परदेशी भांडवल आले, रूळ पसरू लागले. त्याच सुमारास बार्सिलोनाच्या लष्करी सुभेदाराने गिरणी कामगारांच्या संघटनांवर बंदी घातली आणि बार्सेलो या कामगार पुढाऱ्याला फासावर दिले. जुलै १८५५ मध्ये स्पेनमधला पहिला सार्वत्रिक संप झाला. मागणी संघटनेच्या हक्काची, आणि संपकऱ्यांच्या निशाणांवर जयजयकार कोणाचा, तर एस्पार्तेरोचा. त्याने आपला माणूस पाठवून आश्वासने दिली, कामगार कामावर परतले. हक्क काही मिळाला नाही. वर्षभरात ओ'डोनेलने एस्पार्तेरोला बाजूला सारले, तेव्हा हा कामगारांचा सेनापती लढायला उभाही राहिला नाही.

विसाव्या शतकातला प्रिमो दे रिव्हेरा याहून चतुर. सप्टेंबर १९२३ मध्ये त्याने बंड केले आणि राजा आल्फोन्सोने त्यालाच सरकार सोपवले. थोड्या दिवसांसाठी आलो आहे म्हणाला, सहा वर्षांवर राहिला. स्पेनमध्ये तेव्हा दोन मोठे कामगार महासंघ होते. त्यांपैकी अराज्यवादी सीएनटी त्याने चिरडला. समाजवादी यूजीटीला मात्र चालू दिले, एवढेच नव्हे तर तिचे नेते लार्गो काबायेरो यांना १९२४ साली राज्य परिषदेवर जागा दिली. एका संघाचे लोक तुरुंगात आणि दुसऱ्याचे सरकारी टेबलाशी! या बेबनावाची किंमत दोघांनीही पुढे मोजली. आपल्याकडे मान्यताप्राप्त आणि अमान्य संघटनांचा खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

फ्रँकोबद्दल थोडक्यातच लिहितो. १९३६ पासून १९७३ पर्यंत राज्य आणि सरकार दोन्हींचा प्रमुख तोच. संप म्हणजे राष्ट्रद्रोह. मालक आणि मजूर एकाच सरकारी संघटनेत सक्तीने. १९७३ च्या जूनमध्ये त्याने पंतप्रधानपद अ‍ॅडमिरल कारेरो ब्लांको याला दिले. २० डिसेंबरला तो माद्रिदमध्ये स्फोटात मारला गेला. त्याच दिवशी कामगार समित्यांचे नेते मार्सेलिनो कामाचो आणि त्यांच्या सहकाऱ्यांवरील खटला सुरू होत होता. कामाचोंना वीस वर्षांची शिक्षा झाली, ती बेकायदा संघटना चालविल्याबद्दल.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. खुर्चीवरचा गणवेश सर्वांना दिसतो. कामगाराच्या अंगावर चढवलेला गणवेश कोणाला दिसत नाही, आणि तो चढविणारे बहुतेक वेळा साध्या कोटातले पंतप्रधान होते.

१९१२ साली रेल्वेचा संप झाला. पंतप्रधान कानालेखास, उदारमतवादी वकील. त्यांनी राखीव सैनिक म्हणून रेल्वे कामगारांनाच लष्करात हजर व्हायला लावले. मग काम तेच, गाडी तीच, पण गैरहजेरी म्हणजे लष्करी गुन्हा. (दोन वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये ब्रियां यांनी हीच युक्ती केली होती. हे गृहस्थ एके काळी सार्वत्रिक संपाचे प्रचारक!) १९१७ साली तर कमालच झाली. लष्करी अधिकाऱ्यांनी बढत्यांसाठी आपली स्वतःची मंडळे काढली, सरकार त्यांच्यापुढे नमले. ऑगस्टमध्ये वालेन्सियाच्या बडतर्फ रेल्वे कामगारांना कंपनी परत घेईना म्हणून सार्वत्रिक संप झाला, तेव्हा याच लष्कराने गोळ्या चालवल्या. सरकारी आकड्यानुसारच सत्तरच्या वर माणसे मेली.

फ्रँकोला जाऊन दोन महिने झाले नव्हते. जानेवारी १९७६ मध्ये माद्रिदच्या भुयारी रेल्वेचा संप मोडायला सैनिक आणले. पाठोपाठ टपाल कामगारांना आणि मग रेल्वे कामगारांना लष्करी शिस्तीखाली घातले. पंतप्रधान आरियास नावारो नागरी मनुष्य होते. १९७४ च्या मे महिन्यात आपल्याकडे गाड्या चालवायला प्रादेशिक सेना बोलावली गेली, हजारो बंधू तुरुंगात गेले, कित्येकांना सर्व्हिस ब्रेक लागला. तेव्हाही दिल्लीत सेनापतीचे राज्य नव्हते.

त्यानंतर स्पेनमध्ये सेनापती सत्तेवर आला नाही. फेब्रुवारी १९८१ मध्ये लेफ्टनंट कर्नल तेखेरो शिपायांसह संसदेत घुसला, पण बंड दुसऱ्या दिवशी फसले. कायदा मात्र राहिला. डिसेंबर २०१० मध्ये विमान वाहतूक नियंत्रकांनी काम सोडले, तेव्हा झापातेरो यांच्या समाजवादी सरकारने आणीबाणीची स्थिती जाहीर करून त्यांना लष्करी हुकमाखाली आणले. या झापातेरोंच्या आजोबांना, जे स्वतः लष्करात कॅप्टन होते, १९३६ साली बंडखोर सेनापतींच्या माणसांनी गोळ्या घातल्या होत्या. नियंत्रकांचे पगार मोठे, प्रवासी अडकलेले. त्यामुळे त्यांच्या बाजूने फारसे कोणी बोलले नाही. प्रकरण न्यायालयात गेले. २०१६ साली स्पेनच्या घटना न्यायालयाने निकाल दिला, तो सरकारच्या बाजूने.