व्हायोलिनचे रूप आणि नाद

व्हायोलिनचे देखणेपण ही नादाची ग्वाही असते, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत टिकणारे नाही. २०१० मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे २१ वादकांना डोळ्यांवर वेल्डरचे काळे चष्मे चढवून आणि लाकडाच्या वासानेही वय कळू नये म्हणून हनुवटीच्या टेकूखाली सुगंधाचा ठिपका लावून, तीन नवी व तीन जुनी इटालियन व्हायोलिने वाजवायला दिली, तेव्हा निम्म्याहून अधिकांनी नवीच निवडली आणि सर्वांत नावडती ठरली ती जुन्यांपैकी एक, नामांकित स्ट्रॅडिव्हेरियस. अर्थात रूप म्हणजे निव्वळ शोभा, असेही नाही. परफ्लिंग, म्हणजे कडेलगत बसवलेली बारीक काळी-पांढरी पट्टी, दिसते नक्षीसारखी, पण कडेला गेलेली चीर आत पसरू देत नाही. खरेदीदारांनी आधी डोळे मिटून वाजवून पाहावे, रोगण नंतर न्याहाळावे.
— एक वाचक