आधी खोली, मग उत्सव

पुण्यातल्या विद्यापीठांच्या आवारात वर्षातून एखादा दिवस देशोदेशीचे ध्वज लागतात. नेपाळ, अफगाणिस्तान, येमेन, सुदान, टांझानिया अशा देशांतून आलेली मुलंमुली आपापला पोशाख घालून येतात, गाणी म्हणतात, पदार्थ रांधून वाढतात. हा दिवस व्हावा आणि थाटात व्हावा, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच त्याच्याविरुद्ध जे बोललं जातं त्याला उत्तर द्यायला हवं. त्याच्या बाजूने जे बोललं जातं त्यातलंही बरंचसं खोडून काढायला हवं.

विरोधकांचा पहिला आक्षेप रोखठोक आहे. आमच्याच खेड्यापाड्यांतल्या मुलांना वसतिगृहात जागा मिळत नाही आणि तुम्ही परक्यांचे सोहळे कसले करता? या आक्षेपामागची कळकळ खरी आहे. नंदुरबारहून किंवा जालन्याहून आलेला मुलगा दोघांच्या खोलीत चौथा म्हणून पथारी टाकतो, हे पुण्यात कोणाला सांगावं लागत नाही. पण त्याची जागा परदेशी मुलाने घेतलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे परदेशी विद्यार्थ्यांच्या जागा मंजूर प्रवेशसंख्येच्या वर, जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांपर्यंत, वेगळ्या निर्माण करता येतात. इथल्या मुलाच्या जागेला त्याने धक्का लागत नाही. शिवाय आलेली मुलं आहेत तरी किती? केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२१-२२ साली साऱ्या देशात परदेशी विद्यार्थी होते ४६,८७८ आणि एकूण विद्यार्थी होते सुमारे ४ कोटी ३३ लाख. म्हणजे हजारी जेमतेम एक. त्या एकाला परत पाठवून उरलेल्यांच्या वसतिगृहाचा प्रश्न सुटणार नाही. तो शासनाच्या खर्चाचा आणि विद्यापीठांच्या इच्छेचा प्रश्न आहे. नंदुरबारच्या आणि नेपाळच्या मुलाने खांद्याला खांदा लावून तो कुलसचिवांपुढे मांडावा, एवढा तो दोघांचा सारखाच आहे.

दुसरा आक्षेप अधिक सुशिक्षित आहे आणि मला तो अधिक विचारात घ्यावासा वाटतो. हे वैविध्य कपड्यांचं आणि खाण्यापिण्याचं आहे, त्याचा ज्ञानाशी काही संबंध नाही, असं हा पक्ष म्हणतो. यातलं अर्धं मला मान्य आहे. उरलेल्या अर्ध्याला उत्तर म्हणून मी एका छायाचित्राकडे बोट दाखवीन. १० ऑक्टोबर १८८५ ही तारीख असलेल्या त्या छायाचित्रात तीन तरुण स्त्रिया आहेत, आपापल्या देशाच्या पोशाखात. कल्याणच्या आनंदीबाई जोशी साडीत आहेत. शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. स्थळ फिलाडेल्फियातलं स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय, प्रसंग तिथल्या अधिष्ठात्या रेचल बॉडली यांच्या स्वागतसमारंभाचा. आजच्या आपल्या पोशाखांच्या दिवसासारखाच तो एक दिवस होता. मग तो पोकळ का वाटत नाही? कारण समारंभ संपल्यावर त्या तिघी त्याच महाविद्यालयात शवविच्छेदन शिकत होत्या, तिथल्या मुली देत त्याच परीक्षा देत होत्या. १८८६ साली आनंदीबाई पदवी घेऊन बाहेर पडल्या तेव्हा त्यांचा प्रबंध होता भारतातल्या प्रसूतिशास्त्रावर. जे ज्ञान त्या घेऊन आल्या होत्या त्यालाही तिथे जागा होती. आणि घराचं काय? न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी या अनोळखी मुलीला आपल्या घरी उतरवून घेतलं, तिच्यावर पोटच्या मुलीसारखी माया केली. १८८७ साली पुण्यात आनंदीबाई गेल्या, तेव्हा त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती आजही आहे.

साडी नेसून काढलेल्या छायाचित्राला अर्थ आला तो या घरामुळे आणि त्या वर्गामुळे. म्हणून आक्षेपकांना माझं सांगणं असं, की तुमचा राग उत्सवावर काढू नका. उत्सवाच्या मागे जे असायला हवं ते नाही, त्यावर काढा.

काय नाही, हे पाहायला दुसरं मोठं उदाहरण आपल्याच घरात आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांना खोली मिळाली, नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला आणि ती मैत्री जन्मभर टिकली. ९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींवरचा आपला निबंध वाचला. गोल्डनवायझर स्वतः कीव्हमध्ये जन्मलेले, अमेरिकेत येऊन स्थिरावलेले. त्या दिवशी शिकणारे कोण आणि शिकवणारे कोण, असं कोणी विचारलं असतं तर उत्तर देणं कठीण गेलं असतं. विद्यापीठातलं वैविध्य मी यालाच म्हणतो. बाहेरून आलेला मुलगा नुसता ऐकत नाही, तो बोलतो. त्याच्या बोलण्याने वर्गातला विषयच बदलतो.

पुढच्याच वर्षी, १९१७ मध्ये, हाच विद्वान बडोद्याला नोकरीवर रुजू झाला. शहरात त्याला राहायला कोणी खोली दिली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून तो राहिला. काही दिवसांनी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणाला. बाबासाहेबांनीच हे लिहून ठेवलं आहे. दुरून आलेल्या मुलाला खोली कशी नाकारली जाते, हे महाराष्ट्राला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही. आणि ते आठवत असेल, तर आज आपल्या शहरांत जे चालतं ते सहन होता कामा नये.

आफ्रिकेतून आलेला मुलगा पुण्यात विमाननगरला किंवा कोंढव्यात खोली शोधतो तेव्हा काय होतं? दलाल फोनवर हो म्हणतो आणि मुलगा समोर उभा राहिला की खोली नेमकी आजच गेलेली असते. कुठे सोसायटीचा नियम आडवा येतो, कुठे अनामत दुप्पट होते. परदेशी भाडेकरूची माहिती सरकारकडे भरून द्यावी लागते, ती कटकट नको म्हणून सरळ नकार देणारे घरमालकही आहेत. मग ही मुलं एकाच इमारतीत, एकाच गल्लीत दाटीवाटीने राहतात, आणि आपणच म्हणतो की ती आपल्यात मिसळत नाहीत! आणि गोष्ट नकारावरच थांबते असंही नाही. मार्च २०२४ मध्ये अहमदाबादच्या गुजरात युनिव्हर्सिटीच्या वसतिगृहात रमझानची नमाज पढणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ला केला, काही जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. २००९ साली मेलबर्नमध्ये भारतीय मुलांवर हल्ले झाले तेव्हा आपलं रक्त उसळलं होतं आणि ते योग्यच होतं. अहमदाबादच्या वेळीही ते तसंच उसळायला हवं होतं.

आता उत्सवाच्या समर्थकांकडे वळतो, कारण माझं खरं भांडण त्यांच्याशी आहे. परदेशी विद्यार्थी आले की मानांकन वाढतं, शुल्कही जास्त मिळतं, माहितीपत्रकावर निरनिराळ्या रंगांचे चेहरे छापता येतात, असा हिशेब अनेक संस्थांच्या कार्यालयांत मांडला जातो. तो मला मुळातच अमान्य आहे. मुलाला उत्पन्नाचं कलम मानणारी संस्था त्याच्याकडून काही शिकेल, ही शक्यताच उरत नाही. पुण्यात याहून चांगली सुरुवात झाली होती. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे रेक्टर असलेल्या प्रा. शां. ब. मुजुमदार यांना एक मुलगी खिडकीतून आत काही देताना दिसली. चौकशी केल्यावर कळलं, की मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी आहे आणि ती त्याच्यासाठी जेवण आणते आहे. परक्या शहरात या मुलांचं कोणी नाही, या जाणिवेतून १९७१ साली सिंबायोसिस या शिक्षणसंस्थेचं बीज पडलं. या शहरातलं आंतरराष्ट्रीय शिक्षण असं एका आजारी मुलाच्या जेवणापासून वाढलं. आजच्या प्रत्येक कुलगुरूने आपल्या संस्थेत परदेशी मुलगा आजारी पडला तर रात्री त्याच्याजवळ कोण बसतं, एवढं विचारून पाहावं. मानांकनाच्या तक्त्यात हा रकाना नसतो.

राहिला मराठीचा प्रश्न. परदेशी मुलांच्या सोयीसाठी सगळं इंग्रजीत होतं आणि मराठी आवारातून हद्दपार होते, असं म्हणणारे मराठीवर प्रेम करणारे लोक आहेत आणि मीही त्यांच्यातलाच आहे. पण निदान चुकतं आहे. मराठी वर्गाबाहेर गेली ती आपण तिच्यात शास्त्र लिहिलं नाही म्हणून, पाहुणा आला म्हणून नव्हे. बाहेरून आलेल्यांचा इतिहास तर उलटच सांगतो. जर्मनीचे गुंथर सोन्थायमर धनगरांमध्ये जाऊन बसले आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या परंपरांवर त्यांनी जे काम केलं त्याला वगळून आज महाराष्ट्राच्या लोकधर्माबद्दल बोलताच येत नाही. अमेरिकेच्या अ‍ॅन फेल्डहाउस यांनी शं. गो. तुळपुळ्यांबरोबर जुन्या मराठीचा कोश सिद्ध केला, तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. एलिनॉर झेलियट यांनी १९६९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आंबेडकर आणि महार चळवळ यांवर प्रबंध सादर केला, तेव्हा आपल्या किती विद्यापीठांना तो विषय प्रबंधाच्या योग्यतेचा वाटत होता? गेल ऑमव्हेट सत्यशोधक चळवळ अभ्यासायला आल्या आणि कासेगावच्याच झाल्या. मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणमध्ये शाळा उभी केली आणि जाई निंबकरांबरोबर मराठीचं व्याकरण लिहिलं. ही माणसं मराठीत शिरली, कारण त्यांना कोणीतरी घरात घेतलं, ओसरीवर बसवून भाषा शिकवली.

ती शिकवण्याची ऊर्मी आपणच गमावली आहे. वर सांगितलेल्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाप्रमाणे भारतातल्या परदेशी विद्यार्थ्यांत नेपाळचे सर्वाधिक होते, सुमारे २८ टक्के. नेपाळी भाषा देवनागरीत लिहिली जाते. म्हणजे पुणे स्थानकावर उतरल्या क्षणी ते मूल मराठी पाटी वाचू शकतं! जगातल्या कोणत्याही यजमान भाषेला याहून सोपा विद्यार्थी मिळणार नाही, आणि आपण त्याच्याशी मोडक्या हिंदीत बोलून मोकळे होतो.

दुसरी गोष्ट मला याहून जास्त खटकते. शिवकालाचा आणि पेशवाईचा गंभीर अभ्यास फारसीवाचून होत नाही. आदिलशाही, मोगली फर्मानं, अखबार, तहनामे सगळे फारसीत. ग. ह. खरे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळात बसून ऐतिहासिक फारसी साहित्याचे खंड सिद्ध केले. त्यांच्यासारखी फारसी जाणणारे आज किती उरले? आणि त्याच पुण्यात दरी ही फारसीचीच बोली घरात बोलणारी अफगाण मुलं वर्षानुवर्षं वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत बसत आली आहेत. त्यांना सतराव्या शतकातली शिकस्ता लिपी आपोआप वाचता येईल असं नाही, तीही शिकावीच लागेल. पण भाषा जिभेवर असलेला मुलगा आणि मोडी येणारा इतिहासाचा विद्यार्थी एका टेबलाशी बसले, तर दोघांनाही जे मिळेल ते एकट्याला कधी मिळणार नाही. यासाठी परदेशी विद्यापीठाशी करार लागत नाही. इतिहास विभागाने व्यवस्थापनाच्या विभागाला एक पत्र लिहायचं आहे.

माझ्या मागण्या म्हणून फार नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने परदेशी विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत त्यांच्यासाठी स्वतंत्र कार्यालय असावं असं म्हटलं आहे. या कार्यालयाने पहिल्या वर्षी खोलीची जबाबदारी स्वतः घ्यावी, घरमालकापुढे संस्था जामीन राहावी, सरकारकडे द्यायची माहिती संस्थेच्या माणसाने भरवून घ्यावी. वसतिगृहात परदेशी मुलांची वेगळी इमारत नको. अमरावतीचा आणि अदिस अबाबाचा मुलगा एका खोलीत राहावेत. मराठीचा एका सत्राचा अभ्यासक्रम श्रेयांकासह असावा, आणि इथल्या मुलांनाही खोलीतल्या सोबत्याची भाषा शिकल्याबद्दल तसेच श्रेयांक मिळावेत.

पैसा कुठून आणायचा, असं यावर हमखास विचारलं जाईल. परदेशी विद्यार्थ्याकडून संस्था इथल्या मुलापेक्षा जास्त शुल्क घेतात, काही ठिकाणी कित्येक पटींनी जास्त. त्या जादा रकमेचा हिशेब वेगळा ठेवावा, तो विद्यार्थ्यांपुढे मांडावा आणि त्यातून आधी वसतिगृहाचा रखवालदार, मराठीचा शिक्षक आणि आजारी मुलाजवळ बसणारा माणूस यांचे पगार द्यावेत. ध्वज आणि मांडवाचा खर्च त्यानंतर धरावा.