सिव्हिलच्या वर्गात मिक्स्ड रिॲलिटी गेम : महागडा चष्मा नको, वाळूची पेटी आणा!

सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आमचा सर्व्हेचा गट वीस जणांचा होता. लेव्हलला डोळा लावायचे दोघे, स्टाफ धरायचा एक, बाकी सगळे झाडाखाली. कंटूरची शीट मी मित्राची बघून उतरवली आणि मार्कही चांगले पडले. समान उंचीची ठिकाणं जोडणारी रेषा म्हणजे कंटूर, ही व्याख्या पाठ होती. त्या उतारावरून पाणी कुठे जाईल, हे मात्र सांगता आलं नसतं. म्हणूनच इंजिनिअरिंग शिक्षणात आता ऐकू येणाऱ्या 'मिक्स्ड रिॲलिटी गेम'कडे मी आशेने बघतो. पण जरा जपून.

हे आहे तरी काय?

व्हर्च्युअल रिॲलिटीचा चष्मा लावला की आजूबाजूचं जग बंद होतं. मिक्स्ड रिॲलिटीत समोरचं टेबल, आपले हात, माती सगळं दिसत राहतं आणि संगणकाने रचलेली वस्तू त्यांच्याशी जुळवून वागते. टेबलावर पूल उभा राहतो, खांब काढला तर कोसळतो. त्याला ध्येय आणि गुण जोडले की झाला गेम. यात हरता येतं, हा खरा फायदा. साइटवर हरणं कुणालाच परवडत नाही.

चष्मा का नको?

मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २०१६ मध्ये आला तेव्हा किंमत ३,००० डॉलर होती. २०२४ मध्ये कंपनीने त्याच्या दुसऱ्या पिढीचंही उत्पादन थांबवलं. शिवाय साठ मुलांत एक चष्मा म्हणजे पुन्हा तेच झाडाखाली बसणं.

त्यापेक्षा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत तयार झालेली वाळूची पेटी बघा. पेटीच्या वर खोली मोजणारा कॅमेरा आणि प्रोजेक्टर. हाताने टेकडी रचली की वाळूवर लगेच रंग आणि कंटूर उमटतात; दरी केली की रेषा सरकतात. वर तळहात धरला की प्रकाशाचा 'पाऊस' पडतो आणि पाणी उताराने वाहतं. सॉफ्टवेअर मोफत आहे. प्रोजेक्टर बहुतेक कॉलेजांत असतोच. कॅमेरा आणि बऱ्या ग्राफिक्स कार्डाचा संगणक जमवावा लागेल.

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांना तर खेळाचा विषयही शोधायला नको. पांझरेवर बंधारे घालून पाटाने, निव्वळ उताराच्या जोरावर शेतं भिजवणारी फड पद्धत शेकडो वर्षं जुनी आहे. वाळूत पांझरेचं खोरं रचा. एका गटाने बंधारा घालायचा, पाट काढायचा. दुसऱ्याने पाऊस पाडायचा. गुण शेवटच्या शेताला पाणी पोचलं तरच. पाटाचा उतार चुकला तर सरांनी सांगायची गरज नाही, पाणीच सांगेल.

पेटीत काय कळणार नाही?

बरंच काही. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि पाया हलवते. पेटीतली वाळू तसं काही करत नाही. शिरपूर पॅटर्नमध्ये नाले खोल का खोदले, हे जमिनीखालचे थर पाहिल्याशिवाय समजत नाही. त्यामुळे पेटी आणली म्हणून सर्व्हे कॅम्प रद्द करायचा, ही युक्ती कुणी काढू नये. गेममधले गुण थेट टर्मवर्कलाही जोडू नयेत, नाहीतर त्याचीही कॉपी सुरू होईल.

सकाळी पेटी, दुसऱ्या दिवशी साक्रीकडे एखाद्या बंधाऱ्यावर लेव्हल घेऊन. पाट कुठून वळत असेल यावर मुलांनी आदल्या दिवशीच पैजा लावलेल्या असतील. मग लेव्हलला डोळा लावायला किती जण झाडाखालून उठतात, ते मोजावं.