शेतात कॅराव्हॅन लावताय, पण तिला लाइट देताय कुठून?

पाऊस ओसरायला लागला की कासच्या पठारावर फुलं येतात आणि शनिवार-रविवारी जावली, महाबळेश्वर, वाईच्या रस्त्यांना गाड्यांची रांग लागते. तापोळा, बामणोलीच्या बाजूला शिवसागर जलाशयाच्या काठाने तंबू पडतात, हे आपण काही वर्षं बघतोय. आता तंबूंच्या जोडीला दुसरी एक गाडी दिसायला लागली आहे. आत झोपायची सोय, छोटा ओटा, फ्रीज, कुणाच्या गाडीत एसीसुद्धा. दुसऱ्या गाडीमागे ओढून आणली तर कॅराव्हॅन, स्वतःच्या इंजिनावर चालणारी असली तर मोटरहोम. आपल्याकडे दोन्हींना कॅराव्हॅनच म्हणतात.

संध्याकाळी ही गाडी कुणाच्या तरी रानात थांबते. ड्रायव्हर केबलचं भेंडोळं हातात घेऊन उतरतो आणि विचारतो, "दादा, लाइटचा पॉईंट कुठंय?"

या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, यावर त्या रात्री गाडीत झोपणाऱ्यांचा जीव अवलंबून असतो.

सरकारचं धोरण आलं, पॉईंट मात्र जुनाच

राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं आणि २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण. हॉटेल बांधण्याएवढा पैसा नसलेल्या शेतकऱ्याला ही संधी चांगली आहे. सपाट जागा, पाणी, संडास-बाथरूम आणि लाइट एवढं दिलं तरी पाहुणा थांबतो. जेवण घरचं, दूध घरचं. चार पैसे गावातच राहतात. त्यामुळे या धंद्याला विरोध करण्याचा प्रश्नच नाही.

पण यातली रस्ता, पाणी, संडास ही कामं डोळ्यांना दिसतात. पाहुणा फोटो बघून येतो, म्हणून त्यावर खर्च होतो. लाइटचा पॉईंट फोटोत येत नाही. तो गोठ्यातल्या जुन्या बोर्डावरून, नाहीतर विहिरीवरच्या स्टार्टरमधून काढून दिला जातो. आपण स्वतः वर्षानुवर्षं तसंच वापरतो, काही होत नाही, म्हणून पाहुण्यालाही चालेल असं वाटतं. तिथेच चूक होते.

घर जमिनीवर, गाडी टायरवर

कॅराव्हॅनची बॉडी बहुतेक पत्र्याची आणि लोखंडी चासीवर बसवलेली असते. ती उभी असते रबराच्या टायरवर. आतल्या एखाद्या वायरचं आवरण कापलं आणि फेज बॉडीला चिकटला, तर करंटला जमिनीत जायला वाट नसते. सगळी बॉडी जिवंत होऊन बसते. आत बसलेल्याला काही कळत नाही, कारण त्याच्याभोवती सगळंच एका व्होल्टेजला असतं. पण जो ओल्या गवतावर अनवाणी उभा राहून दाराच्या मुठीला हात लावतो, त्याच्या अंगातून करंट जमिनीत जातो. हा बहुधा पोरगा असतो, नाहीतर चहा घेऊन गेलेली आपल्याच घरातली बाई.

म्हणून गाडीच्या केबलमध्ये तिसरी, हिरवी किंवा हिरवी-पिवळी अर्थची वायर असते. ती बॉडीला जोडलेली असते आणि दुसऱ्या टोकाला आपल्या पॉईंटमधल्या अर्थला मिळायला हवी. आपल्या पॉईंटला अर्थच नसेल, किंवा टूपिनमध्ये घालायला म्हणून थ्रीपिनची जाड पिन मोडली असेल, तर कितीही भारी गाडी असली तरी तिचा उपयोग शून्य.

आमच्या शिवारात काय झालं

गेल्या सीझनला आमच्या शिवारात अशीच एक गाडी थांबली. शेजाऱ्याच्या गोठ्यातल्या बोर्डातून लाइट दिली. रात्री गाडीतला फ्रीज बंद पडला, दिवा विझला. सगळ्यांना वाटलं लाइट गेली. ड्रायव्हर खाली उतरून परत दाराला हात लावायला गेला तर त्याला जोरात झटका बसला. नशीब, हात सुटला.

सकाळी बोर्ड उघडला तेव्हा उलगडा झाला. गोठ्याला अर्थिंग नव्हतीच. कुणीतरी कधीकाळी सॉकेटच्या आतच न्यूट्रलचा आणि अर्थचा स्क्रू वायरच्या तुकड्याने जोडून ठेवला होता. आपल्याकडे "न्यूट्रल म्हणजेच अर्थ" असं मानणारे कमी नाहीत. त्या रात्री वाऱ्याने खांबाकडून येणाऱ्या सर्व्हिस वायरचा न्यूट्रल निसटला. फेज मात्र चालूच होता. तो फ्रीजमधून, दिव्यातून फिरून न्यूट्रलवर आला, तिथून त्या तुकड्यातून अर्थच्या वायरवर आणि तिथून गाडीच्या बॉडीवर. म्हणजे दिवा विझला त्याच क्षणी बॉडीत करंट आला.

ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. लाइट गेल्यासारखी दिसली म्हणजे गाडी सुरक्षित झाली, असं समजू नका. आधी पॉईंटचा मेन स्विच बंद करा आणि मगच गाडीला हात लावा.

एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही

"आमच्याकडे एमसीबी आहे की" असं बरेच जण सांगतात. एमसीबी हवीच. पण तिचं काम वायर जळू न देणं हे आहे. १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअरच्या वर लोड गेला किंवा शॉर्ट झालं की पडते. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलीअँपिअर. माणसाच्या छातीतून शंभर मिलीअँपिअरच्या आसपास करंट गेला तरी हृदय बंद पडू शकतं. एमसीबीला तेवढा करंट कळतही नाही. माणूस चिकटून राहील आणि एमसीबी वरच राहील.

माणसासाठी वेगळं यंत्र असतं, आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, हे ती मोजते. मधे ३० मिलीअँपिअरची गळती झाली, म्हणजे कुणाच्या तरी अंगातून किंवा ओलीतून करंट जमिनीत गेला, की ती सेकंदाच्या लहानशा भागात लाइट तोडते. घेताना ३० मिलीअँपिअरचीच घ्या. शंभर किंवा तीनशेची माणसासाठी कामाची नाही. तिच्यावर 'टी' लिहिलेलं टेस्टचं बटन असतं. सीझनमध्ये दर पाहुण्याआधी, एरवी महिन्यातून एकदा ते दाबा. खटकन पडली तर यंत्र शाबूत. नाही पडली तर बदला.

गावात एक तक्रार नेहमी ऐकू येते, "आरसीसीबी बसवली होती, पण सारखी पडायची, म्हणून काढून टाकली." ती उगाच पडत नव्हती. कुठेतरी गळती होती, किंवा आमच्या गोठ्यासारखा न्यूट्रल-अर्थ जोडलेला होता, तेच ती सांगत होती.

स्टार्टरमधून लाइट देणं दुहेरी धोक्याचं

विहिरीवर थ्री फेज असतं. दोन फेजमध्ये चारशेच्या वर व्होल्टेज असतं आणि गाडीला लागतं २३०. घाईत दोन फेज जोडले गेले तर गाडीतली उपकरणं जळतातच, आगही लागू शकते. न्यूट्रल मिळत नाही म्हणून एक फेज घेऊन दुसरी वायर बोअरच्या केसिंगला किंवा जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधायची, हा प्रकारही आपल्याकडे चालतो. त्या सळईभोवतीची जमीनच करंटची होते. तिथून चालणारी म्हैस पडते, तसा माणूसही पडू शकतो.

दुसरा धोका कायद्याचा. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज मिळते आहे. ती पंपासाठी आहे. त्यावर पैसे घेऊन पाहुण्यांची गाडी चालवली तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो आणि लागू दराच्या दुप्पट आकारणी होऊ शकते. तारेवर थेट आकडा टाकला तर ती कलम १३५ खाली चोरी. दोनशे-पाचशे रुपये भाड्यासाठी हे परवडत नाही. धंदा करायचा तर महावितरणच्या उपविभागात जाऊन, कोणत्या वर्गवारीचं मीटर लागेल ते लेखी विचारून कनेक्शन घ्या.

पॉईंट कसा असावा

परदेशात, उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये, कॅम्पच्या जागेवर प्रत्येक गाडीसाठी खुंटासारखा एक पॉईंट असतो. त्यात झाकणाचा निळा १६ अँपिअरचा गोल सॉकेट, स्वतःची एमसीबी आणि स्वतःची ३० मिलीअँपिअरची आरसीडी, म्हणजे आपली आरसीसीबीच. केबल साधारण २५ मीटर, अडीच एमएमची, लांबून दिसावी म्हणून नारिंगी. हा निळा सॉकेट आपल्याकडेही इंडस्ट्रियल सॉकेट म्हणून इलेक्ट्रिकच्या मोठ्या दुकानात मिळतो.

आपल्या रानात करायचं ते असं:

१. मीटरपासून वेगळी लाइन काढा. गोठा, पंप, चाफकटर यांच्याशी तिचा संबंध नको.

२. पॉईंटजवळ स्वतंत्र अर्थिंग करा आणि ती लायसन्सधारक ठेकेदाराकडून मीटरने मोजून घ्या. बाजारात मिळणारा तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर न्यूट्रल-अर्थ जोडलेला असला तरी "बरोबर" दाखवतो. त्याच्यावर विसंबू नका.

३. प्रत्येक गाडीला एक सॉकेट, एक एमसीबी, एक आरसीसीबी. एका बोर्डातून तीन गाड्या नकोत.

४. पेटी जमिनीपासून वर, पावसाचं पाणी न शिरणारी आणि पोरांच्या हाताला लागणार नाही अशी.

लोडचा हिशेब

१६ अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे ३,६८० वॅट. दीड टनाचा एसी साधारण दीड हजार वॅट, इंडक्शन शेगडी दोन हजार, पाण्याची किटली दीड हजार. तिन्ही एकदम लावली तर पाच हजार होतात. पाहुण्याला आधीच सांगा, "शेगडी चालू असताना एसी बंद ठेवा." घरातला लहान सॉकेट सहा अँपिअरचा असतो, म्हणजे १,३८० वॅट. त्यावर गाडी जोडूच नका.

केबलच्या ड्रमचं एक आहे. अर्धी केबल गुंडाळलेली ठेवून जास्त लोड घेतला तर गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळतं. केबल दहा फूटच लागणार असली तरी पूर्ण सोडा आणि गाडीखाली सैल पसरून ठेवा. मधे टेप मारलेला जोड नको. वाटेत ट्रॅक्टर, बैलगाडी येणार नाही असं बघा.

जोडायचा क्रम

जोडताना: पॉईंटचा स्विच बंद, आधी गाडीकडचं टोक लावा, मग पॉईंटकडचं, मग स्विच चालू. आरसीसीबीचं बटन दाबून बघा. मग कोरडी चप्पल घालून बॉडीला टेस्टर लावा. पेटला तर लगेच मेन बंद. नाही पेटला म्हणून अर्थिंग चांगली आहे असं ठरत नाही, ते मोजूनच कळतं.

काढताना उलट: स्विच बंद, आधी पॉईंटकडचं टोक, मग गाडीकडचं. नाहीतर हातात जिवंत प्लग येतो.

विजा कडाडायला लागल्या तर त्याआधीच केबल काढून ठेवा. लाइट नाही म्हणून पाहुण्याने जनरेटर लावला तर तो गाडीपासून लांब, उघड्यावर ठेवायला सांगा. खिडकीखाली किंवा मंडपात नाही. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास देत नाही आणि झोपेतच जीव घेतो.

कुणाला शॉक लागलाच तर आधी हात लावू नका. मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला बाजूला करा. लगेच १०८ ला फोन. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध जोरात दाबत राहा, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. तार तुटली असेल तर महावितरणला १९१२.

नाही म्हणायला लाजू नका

आपल्याकडे दारात आलेल्याला नाही म्हणायची पद्धत नाही. पण पॉईंट नीट नसेल तर स्पष्ट सांगा, "जागा आहे, पाणी आहे, जेवण आहे, लाइट मात्र देता येणार नाही." बहुतेक गाड्यांत दिव्यासाठी आणि मोबाईलसाठी १२ व्होल्टची बॅटरी असते. एक रात्र त्यावर निघते. एसी चालला नाही तरी आपल्या डोंगरात थंडी असतेच.

आणि ही गोष्ट फक्त कॅराव्हॅनची नाही. वारीतल्या दिंडीचा ट्रक मुक्कामाला लागतो, ऊसतोडीच्या टोळ्या कोप्या घालतात, जत्रेत पाळणे आणि दुकानं उभी राहतात. सगळीकडे तेच चालतं, कुठून तरी एक वायर ओढली जाते. पाहुणा गाडी घेऊन आला म्हणून आपण पहिल्यांदा एक चांगला पॉईंट केला, तर दिंडी आली की तोच वापरता येईल. मीटरच्या पुढची वायरिंग आपली, तिची जबाबदारीही आपली. दसऱ्याच्या सुट्ट्यांची गर्दी व्हायच्या आधी एकदा ठेकेदाराला बोलवा आणि बोर्ड उघडून बघा. आत तो वायरचा तुकडा असेल तर तो आजच काढा.