‘वेळोवेळीं’ या शब्दाचा विसर

गेल्या महिन्यांत आमच्या परिचयाच्या एका सुशिक्षित व सुखवस्तु गृहस्थांकडे जाण्याचा योग आला. बोलतां बोलतां त्यांनीं कपाटांतून एक कागद काढून आमच्या हातीं दिला. त्यांच्या मुलीचा घटस्फोट होऊन सात वर्षें झालीं. नात आईजवळ असते. आणि बापानें तिला केव्हां, कोठें व किती वेळ भेटावें याविषयींचा कौटुंबिक न्यायालयाचा तो हुकूम होता. दर पंधरवड्यास एक शनिवार, तीन ते पांच, न्यायालयाच्या आवारांतील मुलांच्या खोलींत. हुकूम झाला तेव्हां मुलगी चार वर्षांची होती; आज ती अकरा वर्षांची आहे. आतां बापानें अर्ज केला आहे कीं, महिन्यांतून एक शनिवार-रविवार तिनें आपल्या घरीं राहावें व दिवाळीची अर्धी सुटी आपल्याकडे घालवावी. यावर आमच्या यजमानांचें म्हणणें एवढेंच : “कोर्टानें एकदां ठरविलें तें ठरलें. आतां हें नवें लचांड कशाला?”

त्यांच्या रागाचें आम्हांस नवल वाटलें नाहीं. मुलीचे हाल ज्यानें डोळ्यांनीं पाहिले, त्याच्या मनांत जांवयाविषयीं गोडी कोठून राहणार? नवल वाटलें तें याचें कीं, आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासलेला हा विचारी मनुष्य त्या कागदाकडे खरेदीखताकडे पाहावें तसा पाहत होता. आणि ते एकटेच नव्हेत. भेटीच्या वेळांत बदल मागणारा तो भांडखोर व नकार देणारा तो कायद्याचा पाईक, हा समज आमच्या पांढरपेशा समाजांत चांगलाच रुळला आहे. तो निखालस खोटा आहे. आणि त्याची किंमत जें देतें तें मूल या वादांत पक्षकार देखील नसतें.

कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९५५ सालच्या हिंदु विवाह कायद्याचें २६ वें कलम मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण यांविषयींचें आहे. न्यायालयानें असे हुकूम वेळोवेळीं द्यावे, आणि दिलेले हुकूम वेळोवेळीं रद्द करावे, तहकूब ठेवावे अथवा बदलावे, असा अधिकार त्यांत स्पष्ट दिला आहे. घटस्फोटाचा हुकुमनामा होऊन गेल्यावरहि तो अधिकार सरत नाहीं. ज्या कायद्यानें नवराबायकोच्या फारकतीस शेवट घालून दिला, त्याच कायद्यानें मुलांच्या बाबतींत दार मुद्दाम उघडें ठेविलें. १९७३ सालीं रोझी जेकब यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, असा हुकूम उभयतांच्या संमतीनें झालेला असला तरी मुलाच्या हितासाठीं तो बदलतां येतो. मूल म्हणजे आईबापांची चीजवस्तु नव्हे, आणि त्यांचें खेळणेंहि नव्हे. २०१० सालीं दिल्लीच्या एका प्रकरणांत हाच प्रश्न पुन्हां आला. आईला ऑस्ट्रेलियांत नोकरी मिळाली होती आणि मुलाला तिकडे नेण्यास बापाची हरकत होती. संमतीच्या अटींत सर्व कांहीं ठरून गेलें आहे, हेंच त्याचें म्हणणें. मुलाशीं प्रत्यक्ष बोलल्यावर सर्वोच्च न्यायालयानें आईची परवानगी कायम केली, आणि बापाच्या भेटी बदललेल्या परिस्थितीस धरून नव्यानें आंखल्या गेल्या. तेथें बदल मागणारी आई होती, हें आमच्या यजमानांनीं ध्यानांत घ्यावें. हें दार एकट्या बापासाठीं उघडें ठेविलेलें नाहीं.

शेताच्या बांधावर एकदां दगड रोवला म्हणजे तो जागचा हलत नाहीं, हें ठीक आहे. पण मूल दर वर्षीं वाढतें. चार वर्षांच्या पोरीला ती खोली, तींतले ठोकळे आणि बापाच्या मांडीवर बसून खाल्लेलें बिस्किट एवढें पुरत होतें. अकरा वर्षांची मुलगी त्याच बुटक्या खुर्चीवर अवघडून बसते. शेजारीं दुसरीं चार कुटुंबें तशींच बसलेलीं. त्यांच्या कानांवर जाईल म्हणून बापलेक धड बोलत नाहींत. शनिवारीं तिचा गाण्याचा वर्ग असतो, तो बुडतो. मैत्रिणीचा वाढदिवस असला तर तोहि बुडतो. मग तिचा राग येतो बापावर, कारण ती हुकुमावर रागावूं शकत नाहीं. ती घड्याळाकडे पाहूं लागली, हें खुद्द तिच्या आजोबांनींच आम्हांस सांगितलें, आणि तें बापाविरुद्धचा पुरावा म्हणून सांगितलें! ज्या बापाला सात वर्षांत आपल्या लेकीला एकदांहि घरीं जेवूं घालतां आलें नाहीं, तिच्या अंगांत ताप असतांना उशाशीं बसतां आलें नाहीं, तो तिला परका वाटूं लागला यांत त्याचा अपराध किती व वेळापत्रकाचा किती?

“पण माणूस चांगला नसेल तर?” हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचें उत्तरहि त्याच शब्दांत आहे. जो बाप दारू पिऊन भेटीस येतो त्याच्या भेटी कमी करवून घेण्यास, त्या कोणाच्या तरी देखरेखीखालीं ठेवण्यास, हेंच कलम उपयोगी पडतें. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालीं तर, भेट मुलास अपायकारक होईल असें दंडाधिकाऱ्यास वाटलें, तर त्यानें ती नाकारलीच पाहिजे. भय खरें असेल तर तें प्रतिज्ञापत्रांत लिहावें, पुरावा द्यावा. आमच्या यजमानांपाशीं असा पुरावा नव्हता. केवळ जुना संताप होता.

आमचा खरा आक्षेप आहे तो चोरवाटेनें होणाऱ्या बदलांवर. अर्ज करून वेळ बदलून मागणें ज्यांना कमीपणाचें वाटतें, तींच माणसें शुक्रवारीं रात्रीं मुलीला ताप आणवितात. परीक्षा, पाहुणे, गांवची जत्रा, कांहींहि चालतें. बापलोकहि कांहीं कमी नाहींत : तीन शनिवार फिरकायचें नाहीं आणि चौथ्या शनिवारीं वकिलाची नोटीस धाडायची. दोघांनीं समजुतीनें वेळ बदलली तर उत्तमच. पण ती समजूतहि कागदावर आणून न्यायालयापुढें ठेवावी. तोंडी समजूत पहिल्या भांडणांत उडून जाते, आणि मग ज्यानें उदारपणा दाखविला त्याच्याच गळ्यांत जुना हुकूम मोडल्याचा आरोप येतो.

सुलभपणें बदल मिळूं लागले तर दर महिन्यास नवा अर्ज येईल, अशी भीति वकीलमंडळी घालतात. ती पोकळ आहे. मागील हुकुमानंतर काय बदललें, हा पहिला प्रश्न न्यायाधीश विचारतोच. शाळा बदलली, बदली झाली, मूल मोठें झालें, कोणी आजारी पडलें : यांपैकीं कांहीं दाखवितां येत नसेल तर अर्ज फेटाळावा. मुलास समज आली असेल तर त्याची इच्छा विचारांत घेण्याची मुभा १८९० च्या पालक व पाल्य कायद्यांतहि आहे. इतक्या जुन्या कायद्याला जें सुचलें, तें आमच्या घरांत अजून सुचूं नये! नातीला काय वाटतें असें आम्हीं विचारलें, तर उत्तर आलें, “तिला काय कळतंय?”

मात्र न्यायव्यवस्थेसहि दोन शब्द सुनावणें प्राप्त आहे. २००१ सालीं याच २६ व्या कलमास पुस्ती जोडली गेली कीं, दावा चालू असतां मुलांच्या पोषण व शिक्षणाचा अर्ज शक्यतों साठ दिवसांत निकालांत काढावा. भेटीच्या अर्जास ही मुदत दिली नाहीं. पैसा साठ दिवसांत मिळावा, आणि बाप वा आई मिळण्यास मात्र कितीहि दिवस लागोत, ही कोणती रीत? विधि आयोगानें २०१५ सालीं आपल्या २५७ व्या अहवालांत ताबा व भेटी यांविषयीं सविस्तर सूचना केल्या. त्यांचा कायदा झाला नाहीं. २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, आईबाप दूर राहत असतील तर मुलास दुसऱ्याशीं रोज पांच-दहा मिनिटें तरी बोलूं द्यावें. तें चांगलेंच झालें. पण अर्जाची तारीख चार चार महिन्यांनीं पडत असेल तर तेवढीं पांच मिनिटें मागायला देखील वर्ष जातें. आमची सूचना साधी आहे. भेटीच्या प्रत्येक हुकुमांतच फेरविचाराची तारीख घालावी : मूल शाळेत जाऊं लागेल तेव्हां एकदां, दहा वर्षांचें होईल तेव्हां एकदां. म्हणजे बदल मागणें हें कोणालाच युद्ध पुकारल्यासारखें वाटणार नाहीं, आणि आजोबांनाहि कपाटांतला कागद निशाणासारखा मिरवावा लागणार नाहीं.

आम्ही निघालों तेव्हां मुलगी जिन्यांत भेटली. शनिवारच होता, ती नुकतीच भेटीहून परत आली होती. कसें झालें असें विचारलें तर म्हणाली, “रोजच्यासारखं.” अर्जाची पुढची तारीख जानेवारींत आहे, आणि त्या दिवशीं विरोधाचें म्हणणें दाखल करण्यास आणखी मुदत मागायची असें वकिलाशीं बोलणें झालें आहे. तोंपर्यंत ती बारा वर्षांची होईल.