चिऱ्याचा अंगरखा

जुन्या गोव्याला ‘पूर्वेचे रोम’ म्हणण्याची रीत आहे. खरे रोम पाहण्याची ऐपत आम्हा विद्यार्थ्यांची कुठली! म्हणून विजापूरच्या वर्गमित्राला सुट्टीत हरमलला घरी नेले, तेव्हा म्हापसा-पणजीमार्गे हेच रोम त्याला दाखवले. सेंट कॅजेटन चर्च रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवर बांधलेले. सेंट झेवियरच्या शवपेटीखालचे संगमरवरी स्मारक फ्लॉरेन्सहून घडवून आणलेले, १६९८ सालचे. मित्र मात्र रमला तो आदिलशाही वाड्याच्या उरलेल्या दरवाजापाशी. १५१० पर्यंत हे शहर विजापूरचे होते, याची आठवण त्याने मला कानडीत दोनदा करून दिली!

मला लिहायचे आहे ते बॉम जीझसच्या भिंतींविषयी. १६०५ साली अर्पण झालेले हे चर्च आज उघड्या तांबड्या चिऱ्याचे दिसते; रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रल पांढरेशुभ्र. पाहणारे तांबड्या भिंतीपुढे उभे राहून म्हणतात, ‘केवढे प्राचीन!’ वस्तुतः बॉम जीझसलाही चुन्याचा गिलावा होता. पोर्तुगीज अमलातच, १९५० च्या दशकात, तो काढून टाकण्यात आला. वास्तू अधिक पुरातन दिसावी म्हणून, असे सांगतात.

आमच्या पेडण्यातल्या कोणत्याही गवंड्याला विचारा. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वाऱ्याउन्हाने टणक होतो. पण त्याच्या अंगभर भोके, आणि तो पाणी पितो. म्हणून तर आपण भिंतीला गिलावा करतो, छपराची पावळी पुढे काढतो, पावसाच्या बाजूला माडाची झापे बांधतो. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात बॉम जीझसच्या भिंती सत्तरेक पावसाळे उघड्या अंगाने सोशीत आहेत. आमच्या हिशेबाच्या तासाला यंत्राचा घसारा काढायला शिकवतात. यंत्र निकामी झाले की नवे घेता येते; चारशे वर्षांची भिंत कोणत्या बाजारात मिळणार?

गिलावा केला तर ओळखीचे रूप जाईल, असा आक्षेप घेतात. जाऊ द्या! सुमारे साडेतीनशे वर्षे हे चर्च गिलाव्यात होते, मग मूळ रूप कोणते म्हणायचे? दर्शनी भागातील वसईकडच्या काळ्या दगडाला हात लावण्याचे कारण नाही. चिऱ्याला मात्र चुनाच हवा, सिमेंट नको. सिमेंट ओल आत कोंडते.

जवळच ऑगस्टिन चर्चचा अर्धा मनोरा उभा आहे. त्याचे छत १८४२ साली कोसळले, दर्शनी भिंत १९३१ साली. बॉम जीझस इतके बेवारस नाही. २०२४-२५ च्या शवप्रदर्शनाला लाखो लोक आले. ते दर दहा वर्षांनी भरते. पुढच्या प्रदर्शनापर्यंत पाऊस झोडपतो त्या एका बाजूला तरी चुना चढावा, आणि दोन-चार पावसाळ्यांनी तिची ओल उघड्या भिंतीशी ताडून पाहावी.